जनहितार्थ, तीन सेकंद

बोट खाली गेलं तेव्हा जाहिरात लागूनसुद्धा गेली होती. पडद्यावर साबणाचा फेस आला, पोरगी हसली, तिच्या मागोमाग टायरवाला आला, आणि मास्तरांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट त्या चौकोनी बटणावर तसंच दाबलेलं राहिलं. बटणातला लाल दिवा सकाळीच काढून नेला होता. आतली वायर कापली होती. हे सगळं त्यांना रीतसर सांगितलं होतं, त्यांनी मान डोलावली होती, कागदावर सही केली होती. पण बोटाला कुणी सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षं ब्रेकच्या वेळेला ते खाली जात आलं होतं, आजही गेलं. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यामुळे लाज वाटायचं तसं कारण नव्हतं. तरी त्यांनी बोट हळूच उचललं, खिशात घातलं आणि खिशातल्या खिशात मुठीत धरून ठेवलं. मालिकेचा दुसरा ब्रेक अगदी वेळेवर लागला होता, एका क्षणाचाही उशीर नाही, आणि नेमकं तेच वाईट झालं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. एका लहानशा वाहिनीच्या प्रसारणाच्या खोलीत ते ऑपरेटर होते. कार्यक्रम, मग जाहिरात, मग पुन्हा कार्यक्रम, अशी सांधेजोड दिवसभर हाताने करायची, एवढंच काम. पण मागून आलेल्या सगळ्यांना ते त्यांनीच शिकवलं, म्हणून नाव पडलं मास्तर, आणि खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. वाहिनी बातम्या तेवढ्या स्वतःच्या करायची, बाकी सगळा माल विकतचा. एकच वितरक एकच मालिका चाळीस वाहिन्यांना विकणार, आणि चाळीस ठिकाणच्या बायका एकाच सासूवर चिडणार. पूर्वी त्या मालिका कॅसेटवर यायच्या, निळ्या प्लास्टिकच्या पेटीतून. एकाने दाखवून झालं की पेटी पुढच्याला पाठवायची. आणि पेटीत आधीच्या ऑपरेटरची चिठ्ठी असायची: पहिला भाग अमुक मिनिटाला संपतो, तिसऱ्या भागात आवाज बसलाय, वाढवून घ्या. त्यात एक हिरव्या शाईवाला होता. त्याला मास्तरांनी जन्मात पाहिलं नाही, तो कुठल्या शहरात बसतो हेही ठाऊक नव्हतं. पण हा गडी आकड्यांखाली एखादी ओळ टाकायचा. इथे सून रडते, ब्रेक घाईने सोडू नका, बाईला रडून होऊ द्या. मास्तर हसायचे आणि बाईला रडून होऊ द्यायचे. मग एकदा पेटीत निळ्या शाईची चिठ्ठी आली, अक्षर वेगळं, नुसते आकडे. तो गेला की त्याची नोकरी गेली, कळायला मार्ग नव्हता. त्या दिवशी रडण्याची जागा मास्तरांनी आपल्या हाताने चिठ्ठीवर लिहिली आणि पेटी पुढे पाठवली.

आता पेटी नाही, चिठ्ठी नाही. मालिका पहाटे कधीतरी तारेतून आपली आपण येऊन पडते, फाइल म्हणून. भाग कुठे संपतो, ब्रेक कुठे घ्यायचा, हे सगळं तिच्या पोटातच लिहिलेलं असतं. यंत्र ते वाचतं, दिवसाची यादी लावतं, जाहिराती भरतं आणि वेळ झाली की सोडतं. चहा पीत नाही, लघवीला उठत नाही, सुट्टी मागत नाही. ते बसवायला आलेली इंजिनिअर पस्तिशीची होती, बोलायला गोड, मास्तरांना काका म्हणायची, आणि यंत्राबद्दल अशी सांगायची की जणू माहेरचं कौतुक सांगतेय. चार ऑपरेटर होते. साहेबांनी तिघांना एकेक करून आत बोलावलं आणि एकेक करून घरी पाठवलं. मास्तरांची निवृत्ती अडीच वर्षांवर आली होती आणि खोलीत एक माणूस ठेवावाच लागतो, म्हणून त्यांना ठेवलं. साहेब म्हणाले होते, आता डोळे हवेत मास्तर, हात नकोत. मास्तर हसले होते. नोकरी राहिली म्हणून हसले, आणि मग तेवढ्यासाठी हसलो म्हणून दिवसभर स्वतःवर चिडून होते.

पण त्या तीन सेकंदांचं काय? ते तीन सेकंद कुणाला सांगण्यासारखे नव्हते. मास्तरांची आई अठ्ठ्याऐंशीची. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत, फक्त आठवणीला भोकं पडायला लागलेली. रक्तातली साखर उतरवायची एक गोळी तिला दुपारचं खाणं झाल्यावर घ्यायची असे, रोज, न चुकता. मास्तर दुपारी कामावर, बायको कापडाच्या दुकानात हिशेबनीस, संध्याकाळी सातशिवाय घरात कुणी नाही. गोळी राहायची. दोनदा ती चक्कर येऊन पडली होती, दुसऱ्यांदा कपाळाला चार टाके. गजर लावून बघितला. ती उठून गजर बंद करायची आणि बंद केला म्हणजे काम झालं असं समजून पुन्हा आडवी व्हायची. फोन करून बघितला. हो हो म्हणायची, आणि फोनपासून खुर्चीपर्यंत येता येता विसरायची. बायको वाटीत एकच गोळी काढून ठेवायला लागली तर म्हातारीने तो अपमान मानला. मी काय लहान पोर आहे मोजून द्यायला, शिशी माझ्या खुर्चीशी राहील. राहिली. आणि मग एका दुपारी, चार वर्षांपूर्वी, कॅसेटचं यंत्र अडकलं आणि दुसऱ्या ब्रेकच्या तोंडाशी पडदा तीन सेकंद काळा राहिला. मास्तरांना घाम फुटला होता, साहेबांचं बोलणं खावं लागलं होतं, आणि रात्री जेवताना आई म्हणाली, आज तुझा पडदा काळा झाला ना, मला वाटलं तू काहीतरी सांगतोयस. मग आठवलं. उठून गोळी घेतली.

तेव्हापासून मास्तर रोज तीन सेकंद धरून ठेवायला लागले. दुसरा ब्रेक आला की कार्यक्रम तोडायचा, पण जाहिरात सोडायची नाही. मधे सगळं काळं, सगळं गप्प. घड्याळ बघायची गरज नव्हती, कारण ओठांतल्या ओठांत ते म्हणायचे: ऊठ आई, गोळी घे, पाणी पी. एवढं म्हणून झालं की बरोबर तीन सेकंद व्हायचे, आणि मग बोट खाली. टीव्हीच्या धंद्यात तीन सेकंद काळा पडदा म्हणजे भर लग्नात मुलगी नाही म्हणाली तर जी शांतता पडेल ती. जाहिरातवाल्यांच्या तक्रारी आल्या. साहेबांनी विचारलं, मास्तरांनी सांगितलं, हात जड झालाय, वय झालं. रोज त्याच ब्रेकला कसा हात जड होतो, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण रोज कोण बघत होतं? ज्यांना त्यांनी बोट धरून शिकवलं तीच पोरं चहाच्या वेळी मास्तरांच्या हाताच्या नकला करायची. मास्तर ऐकायचे. चार वर्षं ऐकलं. मनातल्या मनात एकच म्हणायचे, हसा लेको, ती उठलीय.

आणि आज ती उठली नव्हती. घरी आले तेव्हा दार सताड उघडं होतं. आई दारातच खुर्ची ओढून बसली होती, चपला घातलेल्या, हातात पिशवी. मास्तरांना बघून तिने आधी दोन शिव्या घातल्या आणि मग रडायला लागली. दुपारभर तिने वाट बघितली होती. मालिका लागली, ब्रेक आला, पडदा काळा झालाच नाही. म्हणजे पोरगा कामावर नाही. म्हणजे वाटेत काहीतरी झालं. ती हॉस्पिटलात शोधायला निघाली होती. कुठल्या हॉस्पिटलात, ते तिला ठरवता येत नव्हतं म्हणून दारात बसली होती. गोळीचं विचारलं तर म्हणाली, कसली गोळी, इथे माणूस मेलाय की जिवंत ते कळत नाही. बायकोने तिला आत नेलं. मास्तर बाथरूममध्ये गेले, आणि नळ सोडला. त्यांना वाटत होतं, आपण तिला गोळीची आठवण करतो. तिला वाटत होतं, हा माझ्याशी बोलतो. चार वर्षं रोज बोलत होतो आपण तिच्याशी, आणि आपल्यालाच पत्ता नाही.

बायकोने सुचवलं, साहेबांना सरळ सांगा. माणूसच आहेत, समजून घेतील. मास्तर मनात म्हणाले, काय सांगायचं? चार वर्षं माझा हात जड नव्हता, मी तुमच्या वाहिनीवरून माझ्या आईला हाका मारत होतो? अडीच वर्षं राहिली होती. आणि खरं सांगायचं तर नोकरीचीही भीती तेवढी नव्हती. भीती होती ती हसण्याची. हात जड म्हणून हसले ते एक, पण हे कळल्यावर जे हसतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे हसणार नाहीत, मान वाकडी करून अरेरे म्हणतील, ते त्यांना नको होतं. आईचं ते मालिकेपुढे बसणं, तिचा खुर्चीच्या हातावर ठेवलेला हात, पाण्याचा झाकण लावलेला पेला, हे सगळं चहाच्या टेबलावर येणार. नको. बायकोने दोन दिवस दुकानातून फोन करून बघितला. एक दिवस गोळी घेतली, एक दिवस नाही.

मग मास्तर शिकायला लागले. इंजिनिअरशेजारी खुर्ची ओढून बसायचे, चष्मा पुसायचे, विचारायचे, नवी जाहिरात यादीत कशी घालायची, हिला नाव कुठे द्यायचं. तिला इतका आनंद झाला की तिने साहेबांनाही सांगितलं, काकांचा उत्साह बघा. आठवड्याभरात त्यांना जमलं. एका दुपारी ती जेवायला गेली असताना त्यांनी तीन सेकंदांचा काळोख बनवला. चित्र नाही, आवाज नाही. यंत्राने विचारलं, प्रकार कोणता? खाली यादी होती: साबण, वाहन, औषध, बँक, जनहितार्थ. पाणी वाचवा, हात धुवा, असल्या फुकटच्या सूचना जनहितार्थमध्ये पडायच्या, त्यांचे पैसे नसतात म्हणून त्या कुणी तपासत नाही. मास्तरांनी जनहितार्थवर बोट ठेवलं आणि त्या खोलीत कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवसापासून ते दोन वाजता यादी उघडायचे आणि दुसऱ्या ब्रेकच्या तोंडाशी, साबणाच्या आधी, ते घालून द्यायचे. जनहितार्थ, तीन सेकंद. यंत्राने आत काय आहे ते विचारलं नाही. चार अठ्ठावीसला भिंतीवरच्या सोळा पडद्यांपैकी आपल्या वाहिनीचा पडदा काळा झाला, मास्तरांनी ओठांत म्हटलं, आणि पाणी पी म्हणून होतं न होतं तोच साबण आला. रात्री आई म्हणाली, आलास का कामावर परत? बरं झालं.

अकरा दिवस असे गेले, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांना इतकं हलकं कधी वाटलं नसेल. ते यंत्राशी बोलायला लागले होते. सकाळी आल्यावर त्याच्या पत्र्यावर थाप मारायचे, काय राजे, झोप झाली का. हिरव्या शाईवाल्याची आठवण रोज यायची. त्याला सांगता आलं असतं, गड्या, हे पण चिठ्ठी घेतं, फक्त कशी द्यायची ते ठाऊक पाहिजे. आणि त्याच दिवसांत एक गोष्ट झाली ती इतकी बारीक की तिच्याबद्दल कुणाला सांगायला गेलं तर लोक म्हणतील, यात काय. प्रसारणाच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला मास्तरांचा एक तक्ता होता, हाताने आखलेला, ब्रेकच्या वेळांचा, कडा पिवळ्या पडलेला. बाराव्या दिवशी सकाळी ते आले तर त्या तक्त्यावरच इंजिनिअरने नवी सूचना चिकटवली होती. बाजूला हातभर भिंत मोकळी होती. पण तक्त्यावर. मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. इंजिनिअर म्हणालीही, काका, ते दारावरचं वाचून घ्या हं. ते म्हणाले, वाचलं. वाचलं नव्हतं. त्या कागदाकडे बघायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, लहान मुलं ठरवतात तसं.

कागदावर चार ओळी होत्या. दुसऱ्या एका वाहिनीत पडदा काळा राहून मोठा गोंधळ झाल्यामुळे काळोखाची मर्यादा पाच सेकंदांवरून दोनवर आणली आहे. पडदा दोन सेकंदांपेक्षा जास्त काळा राहिला तर फाइल बिघडली असं यंत्र समजेल, एक मिनिट मागे जाईल आणि पुन्हा प्रयत्न करेल. असे पाच प्रयत्न करून मग पुढची जाहिरात लावेल. या काळात कृपया कुणी हात लावू नये.

त्या दुपारच्या भागात मोठी सून घर सोडून निघाली होती. हातात बॅग, उंबरठ्यावर उभी. आतून सासू म्हणते, जायचंच असेल तर मागे वळून बघू नकोस. सून दोन पावलं जाते, थांबते, मागे वळून बघते, आणि तिथे ब्रेक. मास्तर खुर्चीत सैलावून बसले होते. पडदा काळा झाला. ऊठ आई, ते म्हणाले, गोळी घे, आणि पाणी पी म्हणायच्या आत पडद्यावर साबण नाही, बॅग घेतलेली सून आली. आतल्या खोलीतून उंबरठ्याकडे निघालेली. मास्तरांना आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं, डुलकी लागली असेल. सासू म्हणाली, जायचंच असेल तर मागे वळून बघू नकोस. सून थांबली. वळली. काळं. मास्तरांच्या तोंडून सवयीने ऊठ आई निघून गेलं, आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. सून पुन्हा आत होती, पुन्हा बॅग उचलत होती.

इंजिनिअर धावत आली नाही, चालत आली. पडद्याकडे बघून खूश झाल्यासारखीच दिसली. बघा काका, म्हणाली, कसं आपलं आपण सावरतंय. कुठली तरी फाइल बिघडलीय, शोधते मी नंतर. हात लावू नका, पाचदा करून ते पुढे जाईल. मास्तर म्हणाले, पाचदा? ती म्हणाली, हो, लिहिलंय की दारावर. मास्तरांनी पहिल्यांदा दाराकडे बघितलं. ते उठून तिथे गेले, चष्मा वर केला, चार ओळी वाचल्या. त्यांच्या पाठीमागे सासू म्हणाली, मागे वळून बघू नकोस. ते वळले. पडदा काळा झाला. तिसरा.

आत्ता सांगायचं होतं. ती फाइल माझी आहे, यादीतून काढ, त्या जागी साबण लाव. दहा शब्दांचं काम. मास्तरांना ते दहाही शब्द समोर दिसत होते. पण त्या शब्दांच्या मागे चार वर्षं रांगेत उभी होती, नकला, तक्रारी, हात जड झालाय, आणि जनहितार्थ. ही पोरगी विचारेल, का? साहेबही तेवढ्यात दारात येऊन उभे राहिले होते, हाताची घडी घालून. मास्तरांनी मनाची समजूत घातली. आई काही वेडी नाही. एकदा घेतली की घेतली. पुन्हा तोच सीन आला तर तिला कळेल की यंत्र बिघडलंय, ती हसेल, रात्री आपल्यालाच टोमणा मारेल. सून उंबरठ्याकडे निघाली. आणि मास्तरांना वाटीतली ती एक गोळी आठवली, आणि शिशी माझ्या खुर्चीशी राहील म्हणाली तेव्हाचा आईचा चेहरा, आणि फोनपासून खुर्चीपर्यंत येता येता विसरणारी आई. तिला तो सीन पुन्हा आलाय हे कळेल? तिला प्रत्येक वेळी सून पहिल्यांदाच घर सोडतेय. तिला फक्त काळं कळतं. काळं झालं. चौथा. शिशीचं झाकण सैलच ठेवलं होतं, तिच्या बोटांना घट्ट उघडत नाही म्हणून. मास्तरांनीच ठेवलं होतं.

ते बोलले नाहीत. हे लिहून ठेवलं पाहिजे, की चौथ्यानंतरही ते बोलले नाहीत. ते साहेबांच्या बाजूने, जरा सरका म्हणत, खोलीबाहेर गेले, कारण आत फोन वापरायला मनाई होती आणि त्या क्षणीही त्यांना तो नियम पाळावासा वाटला. बोळात भिंतीवर आणखी एक पडदा होता, त्यावर सून निघालीच होती. घरचा फोन वाजत राहिला. आईचा फोन दारापाशी, खुर्ची खिडकीपाशी. मालिका चालू असताना ती फोनला उठत नसे, मेला वाजू दे म्हणायची. वाजून वाजून बंद झाला. काळं. पाच. त्यांनी पुन्हा लावला. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचा नंबर आठवेना, ज्या नंबरावर त्यांनी शंभरदा फोन केला असेल तो. सासू म्हणाली, मागे वळून बघू नकोस. काळं. सहा. आणि मग एकदम साबणाचा फेस आला, पोरगी हसली, टायरवाला आला, सगळं ठीक झालं. आतून साहेबांचं, व्वा, ऐकू आलं. फोन उचलला गेला.

मास्तर म्हणाले, आई, गोळी.

“घेतली रे बाबा, घेतली,” आई म्हणाली. तिला धाप लागली होती. “किती वेळा सांगशील? एकदा सांगितलंस की कळतं मला. म्हातारी झाले म्हणून काय सारखं सारखं? शिशी संपली बघ ती, येताना नवीन आण.”

आई ऐक, ते म्हणाले, खाली बस, नाही, उभी रहा, दार उघड, खालच्या बाईंना हाक मार, साखर खा, डब्यातली साखर खा मूठभर. एका दमात एवढं त्यांनी आयुष्यात तिला कधी सांगितलं नसेल. आई म्हणाली, साखर? मला? आणि हसली. मग म्हणाली, थांब, लागली परत मालिका, ती गेली का राहिली ते बघू दे. आणि फोन ठेवला.

हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं, किती गोळ्या घेतल्या असतील, काही अंदाज? मास्तर म्हणाले, सहा. डॉक्टर म्हणाला, घरात कुणी होतं का, नक्की कशावरून? मास्तर म्हणाले, नक्की सहा. मी मोजल्यात. डॉक्टरने त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि सहा लिहिलं. शेवटी नंबर आठवून मास्तरांनी फोन केला आणि शेजारणीने दार तोडून घेतलं, तेव्हा आई खुर्चीतच होती, मान एका बाजूला, टीव्ही चालू, पेला रिकामा. शिरेतून साखर चालली होती. वय फार आहे, डॉक्टर म्हणाला, मेंदूला उपाशी राहावं लागलंय बराच वेळ, बघू. बायको आईच्या पायाशी बसून राहिली होती आणि मधूनमधून आईची पावलं चोळत होती.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरचा फोन आला. तिला ती फाइल सापडली होती. कुणीतरी जनहितार्थमध्ये नुसता काळोख घालून ठेवलाय काका, म्हणाली, साहेब विचारतायत कोणी. मास्तर बोळात उभे राहून म्हणाले, मी. आणि मग सगळं सांगितलं, चार वर्षं, तीन सेकंद, गोळी, सहा. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

“मला सांगायचं होतंत काका,” ती म्हणाली. “तेवढी एक जागा मोकळी सोडता येते. एका खुणेचं काम आहे, मग यंत्र तेवढा काळोख बिघाड धरत नाही. मी कुणाला विचारलंही नसतं.”

मास्तर बरं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात पडद्याआड कुणाचा तरी रेडिओ चालू होता, कुणीतरी खोकत होतं. आईचा चेहरा धुतल्यासारखा मोकळा दिसत होता, कपाळावर जुन्या टाक्यांची खूण. तोंड किंचित उघडं. मास्तर खाटेच्या कठड्याशी स्टुलावर बसले होते. घड्याळ त्यांनी बघितलं नाही, बघावं लागत नसे. चार अठ्ठावीसला त्यांचं बोट आपोआप कठड्याच्या पत्र्यावर गेलं आणि दाबून राहिलं. ते खाली वाकले, तिच्या कानाशी. ऊठ आई, ते म्हणाले. पुढचं म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही, म्हणून तेवढंच पुन्हा म्हणाले.